मथुराचा टाक

घट बसायला आठ दिवस होते. नागूबाईनं देव घासायला घेतले आणि तिच्या लक्षात आलं, की तिच्या मेलेल्या सवतीचा टाक देव्हाऱ्यात नाहीच.

टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर माणसाची आकृती ठोकलेली. घरात कुणी गेलं की त्याच्या नावानं टाक करून देवात बसवायचा, ही त्या धनगराच्या घरची रीत. तिनं चिंचेनं एकेक टाक घासून पुन्हा लावला. सासरा होता, आजेसासू होती, थोरला दीर होता. मथुरा नव्हती.

दोन वर्षांपूर्वी बिरूशी लग्न लागून ती बेंबळीजवळच्या या वाडीवर आली, तेव्हापासून मथुरा तिच्या उरावर बसली होती. भाकरी केली तर मथुराची पातळ असायची. मेंढी अडली तर मथुराचा हात चांगला होता. बिरू तिचं नावही काढत नसे; पण तिनं लाल दोऱ्यानं काठ शिवलेलं घोंगडं तो खांद्यावरून उतरवत नसे. मेलेल्या बाईचा कुणी एवढा हेवा करतं का? नागूबाई करत होती, अगदी पोटभर करत होती.

"आत्या, मथुराबाईचा टाक कुठं हाय?"

सासूचा, गजराबाईचा हात सुपातच थांबला. "ती दुष्काळात तामलवाडीकडं तलावाच्या कामावर पटकीनं गेली. मढं घरी आलंच न्हाय. मग टाक कशाचा?"

"थोरले भावजी मेंढरामागं असताना कानड्यात वारले. त्येंचं तरी कुठं आलं? त्येंचा टाक हाय की."

"लई शहाणी झालीस. देव घास."

नागूबाईनं देव घासले. पण डोकं थांबेना. सासू मांजर आडवं गेलं तरी माघारी फिरणारी. पहिलीचं भूत छळू नये म्हणून दुसरीच्या गळ्यात टाक बांधतात, तेवढंही तिनं केलं नव्हतं. आणि हीच सासू दर चैत्रात सास्तूरला बहिणीकडं जायची नि आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायची नाही.

सकाळी ती दूध संस्थेत गेली. दूध मोजायला महिन्यापूर्वीच तामलवाडीकडचा श्रीपती आला होता. दुष्काळात तो तलावाच्या कामावर मुकादम होता, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"भाऊ, तुमच्या कामावर पटकीनं किती माणसं गेली?"

"एक बी न्हाय. डॉक्टर येऊन सगळ्यांला सुई टोचायचा."

"आमच्या वाडीची मथुरा होती तिथं?"

"खडी फोडायला होती की. सुट्टी झाली की लाल दोऱ्यानं घोंगडं शिवत बसायची. नवऱ्यासाठी."

"मग तिचं काय झालं?"

"काय व्हायचंय? सासू येऊन घेऊन गेली. तिचा सास्तूरचा मामा आजारी हाय म्हणली."

"चालत गेली?"

"न्हाय तर काय पालखीत?" श्रीपती हसला.

नागूबाईला हसू आलं नाही. मथुरा जिवंत निघाली होती. सासू खोटं बोलत होती. पण बिरू? दोन वर्षं एका ताटात जेवणारा माणूस पहिलीला लपवून ठेवून आपल्याशी नांदत होता का? या एका प्रश्नानं तिचा जीव जळत राहिला. विचारून खरं कळणार नव्हतं. तिनं बापानं घातलेला चांदीचा वाळा पायातून काढला आणि सोनाराकडं नेला.

घट बसायच्या दिवशी बिरू देव्हाऱ्यासमोर बसला होता. नागूबाईनं नवा टाक पुढं ठेवला.

"मथुराबाईचा हाय. माझ्या वाळ्याचा केला. आत्या, देवात बसवा."

ती नवऱ्याकडं बघत राहिली. बिरूनं टाक उचलला, कपाळाला लावला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बसव, आई. म्याच करायला पायजे होता."

त्याला ठाऊक नव्हतं. नागूबाईला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी ते पाणी बघून तिच्या काळजात कळ उठली.

गजराबाईनं टाक हातात घेतला. तिचा हात देव्हाऱ्यापर्यंत गेला आणि मागं आला. "न्हाय! जित्या माणसाला मेलेल्यांत बसवू व्हय? पाप लागंल मला!"

बिरू आईकडं वळला. "जित्या?"

"म्या सांगते," नागूबाई म्हणाली. "कामावर पटकी आलीच न्हवती. मुकादम सांगतो, आत्या तिला चालत घेऊन गेल्या. तुमी आठ महिने मेंढरं घेऊन कानड्यात होता. आल्यावर तुमास्नी बातमी आन् ते घोंगडं दिलं. आत्या सगळ्या जगाशी खोटं बोलल्या, पर देवाशी बोलवंना. म्हणून टाक केला न्हाय."

"म्या तिच्या मामाकडं जाणार हुतो," बिरू पुटपुटला. "मामानं शिव्या दिल्या, तोंड बघायचं न्हाय म्हणला, असं तूच सांगितलंस, आई."

गजराबाई खाली बसली. "तुझा बाप गेला तवापास्नं तू माझा हुतास. ती आली आन् तू तिच्या हातचंच खायचास, तिलाच इचारायचास. मला जळल्यावानी व्हायचं. तिला म्हणलं, बिरूनं कानड्यात दुसरी केली, आता तुझं तोंड बघणार न्हाय. सास्तूरला सोडली. अजून तिथंच हाय. दरसाल लांबनं बघून येते."

"मथुरा," बिरू म्हणाला. एवढंच. पण असा आवाज नागूबाईनं दोन वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. तो तसाच अनवाणी सास्तूरच्या वाटेला लागला.

गजराबाईनं सुनेकडं बघितलं. "तुला कळलं हुतं, तर गप ऱ्हायचं. सोत्ताच्या हातानं संसार मोडलास."

"मेलेल्या बाईशी भांडता येत न्हाय, आत्या," नागूबाई म्हणाली. "दोन वर्षं करून बघितलं. आता येऊ दे तिला."

तिनं टाक पदराच्या गाठीला बांधला, डोळे पुसले आणि परातीत चौघांचं पीठ घेतलं.