घरचा आकडा

सहा वर्षांत एकाही प्रेक्षकाने हवामानाची बातमी अर्ध्यावर बंद केली नव्हती, याचा हेमांगी करंगुटकरला कोण अभिमान! ती वाहिनीची मुख्य संपादक. घरोघरचा पडदा बघणाऱ्याची नाडी आणि कपाळावरच्या आठ्या टिपायचा, आणि त्याला किती वाईट बातमी झेपेल याचा शंभरपैकी आकडा काढायचा. त्याला सोसांक म्हणत. सोसांक ऐंशी असेल त्याला पुरात वाहून गेलेली माणसं दिसत. वीसवाल्याला ‘नदीकाठी पाणी वाढले’ एवढंच. बातमी खोटी नसे, आजाऱ्याच्या भातासारखी मऊ शिजवलेली असे.

त्या सकाळी हवामानशास्त्रज्ञ डॉ. फरीदा मुकादम धावतपळत आल्या. उद्या दुपारी खाडीकाठच्या अकरा गावांत ओला पारा छत्तिसावर जाणार होता. सहा वर्षं हवामान विकूनही ओला पारा म्हणजे काय, हे हेमांगीला धड ठाऊक नव्हतं.

“थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळा. पाणी उडतं, पारा उतरतो,” डॉक्टर म्हणाल्या. “घामाचंही तेच. पण हवाच पाण्याने भरलेली असली की घाम उडत नाही. पस्तिसाच्या वर धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या पाच-सहा तासांत मरतो. सगळ्यांना गावच्या थंडघरात, त्या गार हवेच्या निवाऱ्यात, जायला सांगा.”

“सांगू की. ज्याला झेपेल त्या शब्दांत.”

“आणि ज्याला काहीच झेपत नाही त्याला?”

हेमांगी हसली. यंत्र कुणालाच पंधराच्या खाली उतरवत नाही, आणि पंधरालाही थंडघराचं नाव ऐकू येतं, असं तिने समजावलं.

संध्याकाळी तिने आठवणीने गावी फोन केला. तिचे वडील दत्तारामबापू त्याच खाडीकाठी एकटे राहत.

“बापू, बातम्या बघितल्यात ना? त्यात सांगितलंय तस्संच करा.”

“बघितल्या गो. तुझ्या शब्दाबाहेर नाय जायचा मी.”

ती निश्चिंत झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, चहाचा कप तोंडाला लावताना, तिला घरचा आकडा आठवला. वाहिनीतल्या माणसांना आपल्या एका नातेवाइकाचा सोसांक हाताने ठरवायची सवलत होती. सगळेच आईबापांचा ठरवत, मायेपोटी. आई गेल्यावर बापू कुठल्याही बातमीला रडायचे, म्हणून तिने तो नऊवर आणून ठेवला होता. त्याला चार वर्षं झाली होती.

नऊवाल्याला काल काय दाखवलं ते तिने काढलं. ‘उद्या हवा जरा कोंदट. दारंखिडक्या लावून घरीच निवांत पडा.’

बापूंचा फोन वाजत राहिला. शेवटी शेजारच्या सुभद्राकाकूंनी थंडघरातून फोनवर सांगितलं, “किती विनवलं त्यांना. म्हणाले, माझी लेक तिथे मोठी संपादक हाय. तसा काय असता तर तिनेच नसता सांगितला?”

बापूंच्या घरी माणसं पोचेपर्यंत उशीर झाला होता. आठ वाजता ती घरी पडद्यासमोर बसली. पडद्याने तिचा चेहरा निरखला, नाडी मोजली आणि बातमी दिली, ‘खाडीकाठी हवा निवळली. ज्येष्ठांनी दुपारभर शांत विश्रांती घेतली.’

हेमांगीने ती शेवटपर्यंत पाहिली. पडदा तिने बंद केला नाही.