बुटांतला समुद्र

अनेस्तिसचं प्रेत अक्सिओस नदीच्या मुखाशी सापडलं. डोक्याला खोक, बुटांत करडा चिखल आणि शिंपले. शिंपले वेचताना घसरून पडला, असं पोलिसांनी ठरवून टाकलं.

"तो मातीचा अभ्यासक," त्याची बहीण पार्थेना म्हणाली. "पेल्लाजवळच्या शेतात भोकं पाडत होता. समुद्रावर कशाला जाईल?"

खासगी तपास करणारी एवांथिया आपला दीर साव्वास याला घेऊन मुखाशी गेली. काठीने तिने सगळा किनारा उकरला. जिकडेतिकडे तपकिरी वाळू.

"वहिनी, शिंपले म्हणजे समुद्रच की!" साव्वास वैतागला.

"गाडी काढा, भाऊजी."

शेत किनाऱ्यापासून बरंच आत, कपाशीचं. अनेस्तिसचा सहकारी प्रोद्रोमोस याने जमिनीतून काढलेली मातीच्या नमुन्याची नळी उघडून दाखवली. वर तपकिरी गाळ, खाली करडा चिखल, त्यात शिंपले.

"पूर्वी खाडी इथवर होती. नद्यांनी बुजवली," तो म्हणाला. "परवा बोटींच्या जुन्या धक्क्याचं लाकूड लागलं. शोध कुणाच्या नावावर, यावरून आमचं वाजलं. मी तणतणत घरी गेलो. तो मालकाला सांगायला थांबला."

"घरी कोण होतं?"

"कुणी नाही."

साव्वासने वहिनीकडे सूचक पाहिलं.

शेतमालक लाझारोस कॉफीच्या दुकानात भेटला.

"मी त्या दिवशी शेतात फिरकलोच नाही. मुखाशी गळ टाकून बसलो होतो. बिचारा घोटाभर चिखलात शिंपले वेचत होता."

"शेतात काय करणार आता?"

"गोदाम. परवानगी आलीय."

संध्याकाळी एवांथियाने सगळ्यांना पार्थेनाच्या स्वयंपाकघरात बसवलं. दाराशी एक पोलीस होता.

"प्रोद्रोमोसच!" साव्वास कुजबुजला.

"तो चिखल शेतातला आहे हे प्रोद्रोमोसला पक्कं ठाऊक," एवांथिया म्हणाली. "त्याने प्रेत हलवलं असतं तर आधी बूट धुतले असते. ज्याला शिंपले म्हणजे आजचाच समुद्र वाटतो, त्यानेच ते तसेच ठेवले. उलट त्यांना शोभेल अशी जागा निवडली. लाझारोस, मुखाशी चिखल नाहीच. तुम्ही तो पाहिलात कुठे? जुना धक्का निघाला म्हणजे सरकार बांधकाम थांबवणार, गोदाम गेलं, हे अनेस्तिसने तुम्हाला शेतातच सांगितलं ना?"

लाझारोसने हातातला कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

"ढकललं फक्त. भोकं पाडायच्या यंत्रावर आपटला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "इथे समुद्र होता, म्हणत होता. मला वाटलं, थट्टा करतोय."

पार्थेना उठली आणि तिने त्याच्यासमोरचा कप उचलून नेला.