मंदाबाईंच्या पायरीचं माप

दुसऱ्याच्या घराची पायरी टेप लावून मोजायची, ही कोणती रीत म्हणायची? तीही मालकिणीला न विचारता, भर दुपारी, रस्त्यावर गुडघे टेकून! मंदाबाई दुकानातून जेवायला घरी आल्या, तर शेजारचे पुंडलिकराव चष्मा कपाळावर सरकवून त्यांच्या ओट्याची पायरी मोजत होते आणि आकडा पेनाने तळहातावर लिहीत होते.

"काऊन हो, घर विकत घ्याचं आहे का माह्यं?"

पुंडलिकराव दचकले. टेप सर्रकन आत गेला.

"नाई बाई... जरा उंची पाहून राह्यलो होतो."

"थे दिसून राह्यलं मले. पण कायले?"

"असंच."

"असंच तं कोणी देवालेही हात जोडत नाई," मंदाबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात दाबून ती पायरी चढून आत गेल्या. पण जेवताना दोनदा त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. माणूस वेडा झाला, की...?

समुद्रपुरात मंदाबाईंच्या तोंडाला लागायला सहसा कोणी धजत नसे. शाळा दुसरीपर्यंत. पण नवरा गेल्यावर वीस वर्षं किराणा दुकान एकटीनं ओढलं. आता गल्ल्यावर मुलगा हेमराज बसे, शब्द मात्र आईचाच चाले. तीन वर्षांपूर्वी उजवा गुडघा रुसला, तेवढाच एक त्यांचं ऐकत नव्हता.

पुंडलिकराव दोन वर्षांपासून शेजारी भाड्याने राहत. एस्टीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले, बायको वारलेली, स्वभाव मुका. सकाळी आपल्या तुळशीला पाणी घालून झालं, की उरलेलं तांब्याभर पाणी कुंपणावरून मंदाबाईंच्या जास्वंदीला घालत. मंदाबाईंनी त्याला कधी हो म्हटलं नाही. नकोही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंगणात ठोकाठोकी सुरू झाली. पुंडलिकरावांच्या मुलाची, हर्षितची, लाल भडक दोन दारांची स्पोर्ट्स कार तिथे वर्षभर झाकून पडली होती. लेकरू झालं, दोन दारं पुरेनाशी झाली, म्हणून त्याने ती पुण्याहून बापाच्या अंगणात आणून सोडलेली. आज तिची चारही चाकं निघाली होती आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर बसली होती. पुंडलिकराव ग्रीसने माखले होते.

मंदाबाई कुंपणाशी आल्या. "झोपू देता का नाई माणसाले?"

"बाई, स्प्रिंगा बदलून राह्यलो. आखूड मागवल्या. गाडी दोन इंच खाली बसवाची आहे."

"खाली?" मंदाबाईंनी पदर कमरेला खोचला. "या रस्त्यानं लोकं गाड्या उंच करतात, आन् तुमी खाली करता? माह्या दारासमोर ब्रेकर आहे. मी भांडून करून घेतला. त्याच्यावर पोट घासंल हिचं."

"तिरपी घेतली तं निघते."

"आन् नाई निघाली तं?"

पुंडलिकराव हसले. खाली बघत, स्वतःशीच. "तं तुमच्या दारात अडकन. वाईट काय त्यात?"

मंदाबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि पुन्हा खोचला. रस्त्याने कापसाचा ट्रक गेला, हवेत पांढरे पुंजके तरंगले, आणि एक अलगद पुंडलिकरावांच्या केसांत जाऊन बसला. काढून टाकावा, असं मंदाबाईंच्या बोटांना वाटलं. त्यांनी बोटं मुठीत घेतली आणि आत गेल्या.

"रीता," त्या सुनेला म्हणाल्या, "चहा जास्तीचा झाला तं बाजूले नेऊन दे."

"झाला नाई जी, आई."

"तं कर नं जास्तीचा."

तीन दिवस रोज चहा जास्तीचा झाला. चौथ्या दिवशी रिकामा कप घेऊन रीता परत आली आणि दारातच थबकली.

"आई, काकाजी रविवारी चालले. हर्षित येऊन राह्यला घ्याले. कायमचं, पुण्याले."

मंदाबाई तांदूळ निवडत होत्या. सूप हातात तसंच राहिलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं, चपला घातल्या आणि कुंपणाला वळसा घालून सरळ त्या अंगणात गेल्या. अशा त्या पहिल्यांदाच गेल्या.

"रविवारी जाऊन राह्यले म्हणे तुमी?"

पुंडलिकराव पाना पुसत राहिले. "पोरगा म्हणते, एकटे किती दिवस राह्यसान..."

"एकटे? आन् आमी काय भिंती आहो का बाजूच्या?"

पुंडलिकरावांनी पाना खाली ठेवला. नुसतं पाहिलं... आणि मंदाबाईंना उगीच वाटलं, की आपला पदर ग्रीसने माखला तरी चालेल, पण या माणसाने असं पाहणं थांबवू नये.

"जायचंच आहे तं या गाडीच्या मागं काऊन लागले?"

"उद्या सकाळी येजा बाई. सांगतो. तुमचंच काम आहे." ते क्षणभर थांबले. "वजन पाह्यजे."

"काय म्हणलं?"

"वजन..."

"मले जाडी म्हणता? तोंडावर?"

"मापाची म्हणतो," पुंडलिकराव म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

शनिवारी कोवळ्या उन्हात गाडी चाकांवर उभी होती. खाली बसलेली, एखाद्या मांजरीसारखी. मंदाबाई ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून आल्या. गाडीसाठी नाही, शनिवार होता म्हणून, असं त्यांनी रीताला न विचारताच सांगितलं होतं.

"गाडी हवेत लटकून असताना बोल्ट आवळले तं आतले रबर पिळून फाटतात," पुंडलिकराव सांगू लागले. "चाकं जमिनीवर टेकली पाह्यजे, आत माणूस बसला पाह्यजे, तवाच आवळाचं. बत्तीस वर्षं एस्टीत हेच केलं."

"गव्हाचं पोतं ठेवा नं मग."

"ठेवलं असतं. पण पोतं काही केळझरच्या गणपतीले जाणार नाई."

मंदाबाई काही बोलणार, तोच पुंडलिकरावांनी गाडीचं डावीकडचं दार उघडलं. मंदाबाईंनी पाय उचलला. उंबरा सहज ओलांडला गेला. गुडघा कुरकुरला नाही, कोणाला धरावं लागलं नाही... रोजची पायरी चढावी तसा पाय आत गेला आणि त्या सीटवर टेकल्या.

पुंडलिकराव चाकामागे आडवे झाले. मंदाबाईंना दिसत होते फक्त त्यांचे पाय, आणि ऐकू येत होता पान्याचा करकर आवाज. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच की काय, मुका माणूस बोलू लागला.

"दसऱ्याले तुमी ओट्यावर म्हणत होत्या... हेमराजच्या उंच गाडीत पाय चढत नाई, तीन वर्षं झाले, केळझरचा गणपती पाह्यला नाई. पण या पायरीवर तं रोज चढता. म्हणून मोजली. तेवढाच ठेवला गाडीचा उंबरा. म्हणलं, जायच्या आधी एकदा नेऊन आणतो."

मंदाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. जास्वंद फुलली होती. दोन वर्षं रोज तांब्याभर पाणी.

पाना पुन्हा करकरला. "झालं. आता ही तुमच्या वजनावर आवळली, बाई. दुसरं कोणी बसलं तं तिले... करमणार नाई."

"तिले का तुमाले?"

पाना थांबला.

"मले," चाकामागून उत्तर आलं.

मंदाबाई समोरच्या काचेतून सरळ बघत राहिल्या. ओठ घट्ट मिटलेले, पण गालांवर ऊन आल्यासारखं काहीतरी चढत होतं, आणि ऊन तर दुसऱ्या बाजूला होतं.

पुंडलिकराव उठले, धूळ झटकत दारापाशी आले. "उतरा बाई."

मंदाबाईंनी जोर केला. उठता येईना. पुन्हा केला. सीट पाटाएवढी खाली, आणि पाटावरून उठणं तीन वर्षांपूर्वीच सुटलेलं! पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"अरे बापा... चढाचं मोजलं. उतराचं ध्यानातच नाई आलं."

समोरच्या घरच्या छायाबाई दारात धुणं पिळायचं विसरून उभ्या राहिल्या. हेमराज दुकानातून धावत आला. "आई, थांब, मी उचलतो तुले!"

"तू गल्ल्यावर बस."

"आई, लोकं पाहून राह्यले..."

"मंग लोकांले बी दुकानात ने. साखर आली आहे नवी."

हेमराज आईचं तोंड पाहून मुकाट्याने परत फिरला.

पुंडलिकराव रडकुंडीला आले होते. "माफ करा बाई. आजच जुन्या स्प्रिंगा टाकतो. दोन इंच परत वर घेतो, संध्याकाळपर्यंत..."

"खबरदार!"

मंदाबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि बसल्या जागेवरून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"ऐका पुंडलिकराव. बत्तीस वर्षं एस्टीत काय केलं, देव जाणे. बाई बसवाची कशी थे समजते तुमाले, उठवाची कशी थे नाई. गाडी अशीच राहू द्या. मी हिच्यात बसन, आन् दर टायमाले उठाले मले तुमचाच हात पाह्यजे. हर्षितले फोन करा. म्हणा उद्या येजो, पोटभर जेवजो, पण जाताना एकटाच जाजो. आता धुवा थे ग्रीसचे हात, ब्रेकर तिरपा घ्या आन् चला केळझरले. आन् तिथं मले उठवसान नं... तं हात लवकर सोडू नका."