दुपारचा खड्डा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या वडिलांची आहे, आणि वडिलांच्या नावावर थापा मारण्याइतकी मी वाया गेलेली नाही.

विश्वास ठेवा, नाही तर ठेवू नका. मला कुणाला पटवायचं नाहीये. कुठेतरी सांगून टाकायचंय, बस्स.

आणि आधीच सांगते, यात काळोखी रात्र नाही. कुत्री रडत नाहीत, वाऱ्याने खिडक्या आपटत नाहीत. जे घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात...

म्हणून तर मला जास्त भीती वाटते. रात्री निदान दिवा लावता येतो.

मी विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. इमारतीचा शेवटचा मजला. वर गच्ची, आणि गच्चीवर सोलर पॅनेलच्या रांगा. उद्या ऊन किती पडेल, त्यातून वीज किती मिळेल, आणि त्या उन्हात राबणाऱ्या माणसाच्या शरीरावर किती ताण येईल, हे कॉम्प्युटरने आदल्या दिवशीच सांगायचं, असं आमचं संशोधन. त्याला जुन्या नोंदी दाखवायच्या, त्यातून तो आपला आपण शिकतो. आई म्हणते, "म्हणजे ज्योतिषच की गं." मी हो म्हणते. तिच्याशी वाद कोण घालणार.

स्क्रीनवर दोन रेषा असतात. निळी अंदाजाची. हिरवी खरोखर मिळालेल्या विजेची. आकाश स्वच्छ असलं की दोन्ही सकाळी चढतात, दुपारी माथ्यावर जातात आणि संध्याकाळी उतरतात. उपडी ठेवलेली वाटी दिसते ना, तशा.

पण आमच्या निळ्या रेषेत दुपारी एक खड्डा पडायचा. माथ्यावर पोचली की रेषा जरा खाली यायची, थोडा वेळ तिथेच राहायची, मग पुन्हा वर.

ढग असो नसो. रोज.

त्याचं कारण आम्हाला माहीत होतं. कारण होतं टोपीकाका.

टोपीकाका म्हणजे पॅनेल पुसणारे. रुंद काठाची गवती टोपी घालायचे, म्हणून टोपीकाका. त्यांचं खरं नाव पगार काढणाऱ्यालाच माहीत असेल. माणूस हट्टी. सकाळी पुसा म्हटलं तरी दुपारीच पुसायचे, म्हणे उन्हात डाग नीट दिसतात. मधल्या रांगेसमोर लांब दांड्याचा पोछा घेऊन उभे राहायचे आणि त्यांची सावली पॅनेलवर पडायची. तेवढा वेळ वीज कमी. कॉम्प्युटर बिचारा तेच बघत शिकला. त्याला वाटलं, दुपारी इथे रोज एक ढग येतो.

मग एके दिवशी काका चहाला खाली आले नाहीत.

वॉचमन वर गेला, तर काका पाण्याच्या टाकीला टेकून बसलेले. ऊन लागलं होतं. उशीर झाला होता.

त्यांची टोपी वॉचमनने गच्चीच्या दाराशी, आतल्या खिळ्याला अडकवून ठेवली. ती तिथेच राहिली. कुणी घरी नेली नाही, कुणी टाकलीही नाही.

काका गेले त्यानंतरच सरांनी उन्हाच्या ताणाचा भाग संशोधनात घेतला. सर म्हणजे आमचे प्रमुख. बाहेर काम करणाऱ्या माणसांना मनगटी पट्टे दिले, अंगाची उष्णता आणि नाडी मोजणारे. दुपारी गच्ची बंद. पुसायचं ते सकाळी उन्हाआधी.

आणि ते पुसायचं काम मिळालं माझ्या बाबांना.

बाबा निवृत्त वायरमन. घरी बसवत नव्हतं. आमच्या बाबांना एक खोड आहे. कुणी काही अडचण सांगितली की झालं, "मी बघतो." शेजारच्यांचा नळ गळतोय, मी बघतो. कुणाचा पंखा घरघरतोय, मी बघतो. आई वैतागून म्हणायची, "जगाचं सगळं तुम्हीच बघा, फक्त घरचा गॅस संपलाय ते बघू नका." बाबा हसायचे. माझी त्यांच्यावर फार माया आहे. बोलून दाखवत नाही कधी, पण आहे.

मी त्यांना टोपी घ्या म्हणून किती मागे लागले. नाही म्हणजे नाही. डोक्यावर काही ठेवलं की खाजतं म्हणे.

तर... निळ्या रेषेतल्या खड्ड्याला आम्ही हसायचो. माझा सहकारी आहे, त्याला आम्ही चष्मिश म्हणतो. तो म्हणायचा, "काका गेले, पण कॉम्प्युटरला कुणी कळवलंच नाही."

एका दुपारी तोच चष्मिश मला हाक मारून म्हणाला, "ताई, जरा इकडे ये."

त्याचा आवाज वेगळा होता.

स्क्रीनवर निळ्या रेषेत खड्डा होता. तो रोजचाच.

पण हिरवी रेषाही खाली आली होती...

बरोबर तिथेच. तेवढीच.

खिडकीतून बघितलं, ढगाचा पुंजकाही नव्हता. गच्चीला कुलूप. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये, दुसरी वॉचमनकडे. दोघं वर गेलो.

दार उघडलं आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आवाजच नाही. गच्चीवर एरवी पंख्यांची घरघर असते, कबुतरं असतात, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात.

काहीच नव्हतं. नुसतं ऊन.

चष्मिशने एका पॅनेलला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मी मधल्या रांगेकडे गेले. काचेवर हात ठेवला...

काच गार होती.

सगळी नाही. मधला एक पट्टा. माणूस समोर उभा राहिला तर सावली पडेल, तेवढाच.

मी हात तिथेच ठेवून उभी होते. हळूहळू काच तापायला लागली. कुणीतरी बाजूला झाल्यावर तापेल तशी. मग कबुतरं घुमायला लागली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता खाली आलो.

सर चिडले. म्हणाले, कॉम्प्युटरचं मॉडेल चुकलंय, काकांच्या काळातल्या नोंदी काढा आणि पुन्हा शिकवा. आम्ही काढल्या. पुन्हा शिकवलं. निळी रेषा अगदी साफ झाली, खड्डा गेला.

हिरवीतला गेला नाही.

आता रोज अंदाज चुकायला लागला. सरांचं म्हणणं, मधल्या रांगेच्या वायरिंगमध्ये दोष असणार, तापलं की सुटत असेल. कुणीतरी ऐन दुपारी उभं राहून तपासायला हवं. पण दुपारी वर कोण जाणार?

रात्री जेवताना मी हे आईला सांगत होते. वैताग काढत होते खरं तर. बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले,

"वायरिंग ना? मी बघतो."

मी त्यांना बजावलं. दुपारी गच्चीवर पाऊल टाकायचं नाही. ते बरं म्हणाले. त्यांचं बरं म्हणजे काय, ते आईला विचारा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉचमनकडून किल्ली घेतली.

मला पत्ता नव्हता. मी स्क्रीनसमोर बसले होते. हिरवी रेषा माथ्यावर पोचली आणि खाली यायला लागली. नेहमीसारखी.

पण थांबली नाही... खालीच जात राहिली.

तेवढ्यात स्क्रीनवरची बाजूची खिडकी लाल झाली. मनगटी पट्ट्यांची. कुणाचा ताण धोक्याच्या वर गेला की लाल होते. मी नंबर बघितला.

बाबांचा पट्टा.

जिना कशी चढले, आठवत नाही. दार उघडंच होतं. पुन्हा तीच शांतता. मी हाक मारली, "बाबा..."

बाबा पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. काका बसले होते, तिथेच.

गच्ची उन्हाने नुसती पेटली होती. टाकीची सावली टाकीच्या बुडाशी, बोटभर. माझी माझ्या पायाशी. आणि बाबा...

बाबा पूर्ण सावलीत होते.

त्यांच्या समोर कुणी नव्हतं. वर काही नव्हतं. तरी डोक्यापासून पायापर्यंत त्यांच्यावर सावली पडली होती. सावलीचे खांदे कळत होते. आणि खांद्यांच्या वर रुंद, गोल काठ.

मी एक पाऊल पुढे टाकलं.

सावली बाजूला सरकली. आपण जिन्यात समोरच्याला वाट देतो ना, तशी सरकली आणि उन्हात मिसळून गेली.

बाबांच्या तोंडावर ऊन आलं. त्यांनी डोळे किलकिले केले.

मागून चष्मिश आणि वॉचमन आले. तिघांनी मिळून त्यांना खाली आणलं, दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ते कुठे सापडले. म्हणाले, "नशीब, सावलीत होते. उन्हात असते तर निभावलं नसतं."

मी मनातल्या मनात काकांचे पाय धरले. दवाखान्याच्या बाकावर बसून मनसोक्त रडले.

तिथे ही गोष्ट संपली असती तर मी आज ती आनंदाने सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी बाबा बोलायला लागले. मी त्यांच्या उशाशी बसले होते. म्हणाले, "वायरिंग ठणठणीत आहे गं. मी सगळं बघितलं. मग जरा गरगरलं. तिथे एक टोपीवाले गृहस्थ होते. फार सज्जन. बसा म्हणाले."

बाबांनी टोपीकाकांना कधीच पाहिलं नव्हतं. फोटोसुद्धा नाही.

"आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही, आपलं साधंच. म्हणाले, बरं झालं तुम्ही आलात. मी किती दिवस अडकून पडलोय इथे. आता जाऊ का?"

मी त्यांचा हात धरला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

बाबा हसले. "काय म्हणणार? म्हटलं, तुम्ही खुशाल जा. पुढचं मी बघतो."

बाबा दवाखान्यात होते तोवर हिरवी रेषा साफ होती. खड्डा नाही, काही नाही. सर खूश. म्हणाले, तुझ्या वडिलांनी वायरिंग दुरुस्तच केलं की. मी त्यांना सांगितलं नाही की वायरिंगला काही झालंच नव्हतं.

बाबांना घरी आणलं. काम अर्थातच सोडायला लावलं. पट्टा तेवढा मनगटावर ठेवला, तब्येतीवर नजर राहावी म्हणून. गच्चीला नवीन कुलूप बसवलं. आता वर कुणीच जात नाही.

नवीन कुलूप लावताना वॉचमनने मला विचारलं, "मॅडम, टोपी तुम्ही नेलीत का?"

खिळा रिकामा होता.

त्यानंतरच्या पहिल्याच स्वच्छ दुपारी हिरवी रेषा पुन्हा खाली आली.

मी बघत होते आणि फोन वाजला. आई होती. तिचा आवाज कापत होता. "अगं, तुझे बाबा उठत नाहीयेत गं. खुर्चीत डोळा लागला म्हणून जेवायला हाक मारते आहे, हलवते आहे... श्वास चालू आहे, पण उठतच नाहीत."

मी बाबांच्या पट्ट्याची खिडकी उघडली. घरात, पंख्याखाली, आरामखुर्चीत झोपलेला माणूस.

नाडी धावत होती. अंग तापलेलं होतं. कॉम्प्युटरने खाली नेहमीचा शेरा लिहिला होता... उन्हात काम चालू.

थोड्या वेळाने हिरवी रेषा वर चढली. त्याच क्षणी फोनवर आई म्हणाली, "उठले गं बाई."

मागून बाबांचा आवाज ऐकू आला. झोपेतलाच. "एक रांग राहिली."

तेव्हापासून हे चालूच आहे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कुणाला काही सापडत नाही. बाबांना विचारलं तर त्यांना आठवत नाही. फक्त दमतात. दिवसेंदिवस जास्त दमतात. समोरच्या उंच इमारतीतले लोक म्हणतात, तुमच्या गच्चीवरची मधली रांग किती स्वच्छ असते हो. मी वर जाऊन बघत नाही. तिथे सावली कुणाची आहे, हे मला बघायचं नाहीये.

ढगाळ दिवशी काही होत नाही. त्या दिवशी बाबा टक्क जागे असतात, आईशी भांडतात, दोनदा चहा मागतात. उन्हावर संशोधन करणारी मी, सकाळी उठून आधी ढग शोधते.

काल संध्याकाळी त्यांच्या डोक्याला तेल लावायला बसले. बरेच दिवस त्यांनी घराबाहेर पाय ठेवलेला नाही. तरी मान रापून काळी झाली आहे. गाल, नाक, हात, सगळं रापलंय.

कपाळ मात्र नाही. भुवयांच्या जरा वर एक सरळ रेघ आहे. रेघेच्या खाली काळं, वर गोरं...

रोज उन्हात टोपी घालणाऱ्या माणसाचं असतं तसं.

मी बोटाने ती रेघ पुसून बघितली. बाबा म्हणाले, "काय गं, काय झालं?" मी काही नाही म्हटलं. ते म्हणाले, "काही असलं तर सांग. मी बघतो."

उद्याचा अंदाज आत्ताच बघितला. दिवसभर ढग नाहीत.