हिरव्या भोकातली पिन

जेवणं उरकली की आळेफाट्याचे मोहनलालशेठ गच्चीवर बसून गोष्ट सांगतात. गिऱ्हाइकाला माल दाखवावा तशी, घाई न करता.

“आपल्या कामावरच्या भिमाजीच्या बाबतीत घडलेली आहे. आपल्याच कॅसेट भरायच्या दुकानात. खोटं वाटलं तर सकाळी त्यालाच विचारा.”

नवी सून जागृती जिन्याच्या दारातून हळूच पुढे सरकली.

गेल्या कार्तिकातली वद्य अष्टमी. रात्रीचे सव्वादहा. बोरी बुद्रुकचा कुंडलिक एक कॅसेट घेऊन आला. त्याची बायको धोंडाबाई जाऊन नववा दिवस होता. तिच्या ट्रंकेत ही कॅसेट निघाली; लग्नाच्या वर्षी तिनं गायलेली ओवी.

“उद्या दहाव्याला पोरीला ऐकवायचीय, कॉम्प्युटरात भरून द्या, भिमाजीभाऊ. आई गात व्हती, ह्ये तिला ठावंच न्हाई.”

“टेप लई जुनी हाय. एकदाच वाजंल.”

“मग एकदाच वाजवा.”

आवाजात रडू नव्हतं, काहीच नव्हतं. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

भिमाजीनं टेपरेकॉर्डरसमोर माइक ठेवला. टेबलाखाली हात घातला, कॉम्प्युटरच्या मागे चाचपून पिन खोचली. वीस वर्षं हेच काम, बघतो कोण? डोळे मिटून ऐकत बसला. कोवळा, खणखणीत आवाज. चार मिनिटं. मग चर्र… टेप गुंडाळली. तुटली.

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. आवाज भरताना हलणारी रेघ सरळ.

वाकून बॅटरी मारली. माइकची पिन गुलाबीऐवजी हिरव्या भोकात. स्पीकरच्या.

एकही शब्द भरला नव्हता.

“झालं का, राव?” बाहेरून कुंडलिक.

भिमाजीनं पिन उपटली. तशीच हातात धरून बसला.

रेघ हलली.

पिन हातात… रेघ हलतेय. वर… खाली… थांबली… पुन्हा वर.

चार मिनिटं. मग सरळ.

त्यानं हिरव्या भोकात स्पीकर लावून भरलेलं वाजवलं. कुंडलिक आत येऊन उभा राहिला. ओवी तीच. शब्दन् शब्द तोच. पण आवाज थकलेला, दर ओळीला धापा टाकणारा.

“पोरगी लगेच वळखील,” कुंडलिक म्हणाला.

त्यानं तुटलेली कॅसेट उचलून खिशात घातली.

“पर कॅसेट भरली तवा ती एकोणीसची व्हती, भाऊ. ह्यो दम तिला ह्या दिवाळीत लागला.”