चार नंबरच्या केबलचा जोड

लोडशेडिंगच्या अंधारात पंढरीनाथकाकांनी पोरांना आधीच दम भरला, हसायचं असेल तर घरी जा. नरेंद्र त्यांच्या ओळखीचा. घडलं तेच ते सांगणार होते.

२००९ सालच्या १४ डिसेंबरची, सोमवारची रात्र. काल्हेरच्या एका गोदामात मागच्या गेटवरचा चार नंबरचा कॅमेरा दुरुस्त करायला नरेंद्र निघाला. बसवलेलाही त्यानंच. असल्या कॅमेऱ्याची वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातात. ती शंभर मीटरच्या पुढे ओढत नाहीत. नरेंद्रनं दोन तुकडे पिळून, टेप गुंडाळून दीडशे मीटर ओढलेली. दिवसा चाले. अंधारात कॅमेऱ्याचे रात्रीचे दिवे लागत, वीज अपुरी पडे, चित्र जाई.

गोदामाच्या शेठनं त्याआधीच ठरवून टाकलं होतं, म्हातारा वॉचमन लडकूच वायर काढतो आणि माल पळवतो. लडकू रात्रभर मागच्या गेटवर खुर्चीत बसून मासळीचं जाळं विणायचा. म्हणे चोर!

“नरेंदर, तू तरी सांग शेटला. मी वायर काढली न्हाय.”

जोडाचं कबूल केलं असतं तर नरेंद्रची पुढची कामं गेली असती. तो जमिनीकडे बघत राहिला. लडकूला हाकललं. पाचव्या दिवशी त्याचं प्रेत कशेळीच्या खाडीत सापडलं. चौकशी कुणी केली? कुणीही नाही.

आणि कॅमेरा बंद पडतच राहिला.

त्या सोमवारी रात्री अकरा वाजून दहा मिनिटं. जोड बदलायचा, सकाळी शेठला खरं सांगायचं, असं ठरवून नरेंद्रनं ऑफिसातल्या, कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या पेटीतून चार नंबरची केबल उपटली. टोक त्याच्या हातात होतं.

टीव्हीवर चार नंबर उजळला.

मागचं गेट. खुर्ची. खुर्चीत कुणीतरी. मान खाली... हात चालत होते. विणत होते.

“लडकूमामा...”

हात थांबले.

मान वर आली.

नरेंद्रला ओरडता येईना. उठता येईना. उजाडेपर्यंत तो तसाच...

सकाळी त्यानं शेठला सगळं सांगितलं. शेठनं केबल परत खोचायला लावली, अंधार पडेपर्यंत त्याला बसवून ठेवलं. अंधार पडल्यावरही चित्र गेलं नाही.

“जोड खराब असता तर कॅमेरा चालला असता का? चोरच होता तो लडकू,” शेठ म्हणाला.

नरेंद्रनं जोडाखाली शिडी लावली. वर चढून बॅटरी मारली.

टेप नव्हती. जोडावर जाळ्याचा दोरा होता. घट्ट, बारीक विणलेला.

ओला.