रुद्रभूमीची पाच पावलं

शिवकांताबाई खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. "म्या त्याला चोर म्हनले, ताई. सगळ्या गावाम्होरं. तो खरंच चोर हाय का न्हाई, तेवढं तुमी शोधून द्या."

२००२ सालचा फेब्रुवारी होता. बीडच्या बसस्थानकामागे कावेरीताईंची खाजगी तपासाची कचेरी होती. वीस वर्षं कोर्टाच्या नकला विभागात काढल्यामुळे कुठला कागद खरा आणि कुठला बनवलेला, हे ताईंना चटकन कळायचं. त्यांच्या हाताखाली अंगद होता. पस्तिशीचा, कॉम्प्युटरात हुशार आणि स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश.

बाईंचं गाव नेकनूरच्या पलीकडे. तिथं लिंगायत समाजाची रुद्रभूमी आहे, मयताला बसवून समाधी देतात ती जागा. जुने हद्दीचे दगड पुरात वाहून गेले होते, राहिला होता फक्त विहिरीजवळचा एक. म्हणून समाजाने यंदा संक्रांतीनंतर जागेला भिंत घातली. भिंत पुरी झाली आणि बाईंच्या नवऱ्याची समाधी बाहेर पडली. समाधीवर लावलेलं बेलाचं रोप शेळ्यांनी खाल्लं. शेळ्या शेजारच्या सिदू धनगराच्या, आणि भिंतीची रेघ मारून देणारा मुंजाजी म्हणजे सिदूचा सख्खा चुलता. बाईंचा तोल गेला. त्या दिवसापासून मुंजाजीने गावात पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्याच्याशी कोणी बोलतही नव्हतं.

"मालकाच्या मातीला ह्याच मुंजाजीनं पावसात खड्डा खंदलता," बाई खाली बघत म्हणाल्या. "चोर निघाला तर निघाला. पर नसला, तर मला त्याचं पाय धरायचेत."

त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. जुना कापडी नकाशा विरत चालला म्हणून समाजाचे अध्यक्ष शिवलिंगप्पा यांनी तो नेकनूरच्या कॉम्प्युटर सेंटरमधून नव्याने काढून आणला होता. कागदाच्या चारही बाजूंना सारखी पांढरी पट्टी, आत चौकट, चौकटीत रुद्रभूमी आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेलं, 'एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर'.

अंगदची कळी खुलली. ते सेंटर त्याच्या ओळखीचं होतं. तिथं नकाशे छापताना चौकटीच्या कडा कापल्या जायच्या. त्याने दिवाळीत जाऊन नकाशाची पीडीएफ काढायचं सगळं सेटिंग लावून दिलं, तेव्हापासून एकही रेघ कापली गेली नव्हती. हे त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि नकाशा डायरीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघं गावी पोचले. मुंजाजी मळ्यातल्या छपरात बसला होता. मोजणी खात्यात त्याने तीस वर्षं साखळी ओढली होती. सरकारी नकाशावर लांबी लिहिलेली नसते, पट्टी टेकवून मोजायची असते. त्याने तसंच केलं होतं. खात्यातून निवृत्त होताना साहेबांनी दिलेली पितळी पट्टी त्याने ताईंपुढे ठेवली.

ताईंनी विचारलं, या जागेची मोजणी पूर्वी कधी केली होती का. तो म्हणाला, अठ्ठ्याहत्तर साली सरकारी मोजणीला साखळी त्यानेच ओढली होती.

"तवा विहिरीच्या दगडापून पल्याडच्या हद्दीपोतर माजी एकशेतीस पावलं भरलती. औंदा एकशेपंचवीसच भरली. म्हातारा झालो, ताई. पाऊल चुकतंय आता."

अंगदला त्याची कीव आली. म्हाताऱ्याच्या पावलांवर कसला हिशोब मांडायचा, असं त्याच्या मनात आलं. ताईंनी मात्र दोन्ही आकडे लिहून घेतले.

मग रुद्रभूमी. टेपचं एक टोक अंगदने धरलं. पूर्वेची, सिदूच्या रानाकडची भिंत विहिरीच्या दगडापासून शहाण्णव मीटरवर होती. उत्तरेला ओढा होता, तिकडची भिंत साडेसत्तावन्न मीटरच्या थोडी पुढे. दोन्ही अंतरं नकाशाला चोख जुळत होती. म्हणजे मुंजाजीने रेघ कागदाबरहुकूमच मारली होती. मग ताईंनी कारण नसताना विहिरीपासून नंदीच्या ओट्यापर्यंत टेप लावायला सांगितला. पंचवीस मीटर भरले. नकाशावर पट्टी टेकवली, तर चोवीसच.

"टेप ढिला पडला असेल," अंगद म्हणाला. ताईंनी पुन्हा मोजायला लावलं. पंचवीसच.

शिवलिंगप्पांनी चहा दिला, पण नजर दिली नाही. कापडी नकाशा त्यांच्याच कपाटात होता. ताईंनी त्यावर पट्टी ठेवली. विहिरीच्या दगडापासून पूर्वेची हद्द वीस सेंटिमीटर, म्हणजे शंभर मीटर. उत्तरेची बारा, म्हणजे साठ. भिंत आखताना मुंजाजी काही बोलला होता का, असं विचारल्यावर अप्पांनी कप खाली ठेवला. काही नाही, म्हणाले, आणि टोपी सारखी करत उठले.

"हाच तो," अंगद बाहेर आल्यावर म्हणाला. ताईंनी नेकनूरची वाट धरली.

नेकनूरच्या सेंटरमध्ये शिवांजली एकटीच होती. पहिलीच नोकरी, आणि दारात तपासाची माणसं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. कापडी नकाशा स्कॅन करून तिनेच गिरवला होता. ताईंनी पडद्यावरच्या नकाशात पूर्वेचं अंतर विचारायला सांगितलं. तिने दोन टोकांवर क्लिक केलं. आकडा आला, शंभर.

"मग माझं काय चुकलं, सर?" तिने अंगदला विचारलं. त्यानेच तिला हे सगळं शिकवलं होतं. "तुम्ही सांगितलंत तसंच करते मी. पीडीएफचं बटण दाबायचं आणि छापायचं. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

अंगदने माउस हातात घेतला. छपाईची खिडकी उघडली. क्षणभर बघितलं आणि मिटली.

"इथं काही नाही," तो म्हणाला. त्याची कानशिलं तापली होती.

परतीच्या बसमध्ये तो शिवलिंगप्पांबद्दलच बोलत राहिला. अप्पांची नजर, अप्पांचं कपाट, अप्पांची टोपी. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटत होता. शिवांजलीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. ताई खिडकीबाहेरची ज्वारी बघत होत्या.

रविवारी सकाळी ताईंनी सगळ्यांना रुद्रभूमीत बोलावलं. शिवकांताबाई आल्या, शिवलिंगप्पा आले, शिवांजली वडिलांना घेऊन आली. मुंजाजी भिंतीच्या बाहेरच उकिडवा बसला. आत ये म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

ताई नंदीच्या ओट्यावर बसल्या.

"मुंजाजीकाकांनी पुतण्यासाठी जमीन चोरली, असं सगळे म्हणतात. पूर्वेला चार मीटर गेले हे खरं. पण उत्तरेची भिंतही आठ फूट आत आली आहे. ती जमीन कोणाला मिळाली? ओढ्याला. ओढ्यासाठी कोण चोरी करेल?"

ताईंनी विहिरीकडे बोट केलं.

"आता ही विहीर आणि हा ओटा. मध्ये पंचवीस मीटर आहेत, नकाशात चोवीस. भिंत सरकवता येते, विहीर कोणी सरकवली? शंभराचे शहाण्णव झाले, साठाचे साडेसत्तावन्नच्या पुढे, पंचविसाचे चोवीस. सगळीकडे शंभराला चार कमी. चोरी करणारा माणूस हवं तिथं कातरतो. सगळ्या बाजूंनी इतकं सारखं कातरायला यंत्र लागतं."

त्या मुंजाजीकडे वळल्या. "काका म्हणाले, म्हातारपणामुळे पाऊल चुकलं. पण म्हातारपणी पाऊल आखूड पडतं. त्याच अंतराला पावलं जास्त भरायला हवीत. काकांची तर पाच कमी भरली. म्हणजे पाऊल बरोबर होतं, अंतरच कमी झालं होतं. अप्पा, हे काकांनी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना?"

शिवलिंगप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "सांगितलं होतं. पावलं पाच कमी पडतात म्हणाला, बेलाचं रोप बाहेर जातंय म्हणाला. मी म्हटलं, कागद कॉम्प्युटरमधून आलाय, तुझ्या पायांचं काय घेऊन बसलास. मग बाई त्याला चोर म्हणाल्या तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. लाज वाटली."

"कापडी नकाशात शंभर आहेत," ताई पुढे म्हणाल्या. "शिवांजलीच्या पडद्यावर शंभर आहेत. हातातल्या कागदावर शहाण्णव. म्हणजे जे झालं, ते पडद्यापासून कागदापर्यंतच्या वाटेत झालं. त्या वाटेवर काय आहे, ते मला सांगता येणार नाही. अंगद, कॉम्प्युटरचा माणूस तू. पुढचं तू सांग."

अंगदच्या जिभेवर उत्तर तयार होतं. सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे, एवढंच म्हणायचं होतं. तिथं ते कोणाला खोडून काढता आलं नसतं. शिवांजली त्याच्याकडे बघत होती. भिंतीपलीकडून मुंजाजीचं फक्त मुंडासं दिसत होतं. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं अंगदला वाटलं.

"मी केलं," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. नकाशाची चौकट कागदाएवढी असते आणि प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेला छापता येत नाही, म्हणून कडा कापल्या जात होत्या. त्याने पीडीएफच्या सेटिंगमध्ये ठरलेलं प्रमाण काढलं आणि 'कागदात बसवा' या पर्यायावर खूण केली. कडा वाचल्या, कारण सगळा नकाशाच शंभराला चार आक्रसला. चहूबाजूची पांढरी पट्टी त्याचीच. पण 'एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर' ही अक्षरं होती तशीच राहिली. कागद खोटं बोलत होता आणि मुंजाजीकाका त्याचं ऐकत होते.

"परवा सेंटरमध्ये मला ती खूण दिसली होती," अंगद म्हणाला. "मी खिडकी मिटली. ह्या पोरीवर आळ आला असता तरी मी गप्प बसलो असतो. अप्पांवर तर मीच ढकलत होतो."

"बसमध्येच मला कळलं," ताई हळूच म्हणाल्या. "पडद्यावर शंभर दिसल्यावरही तू अप्पांचंच नाव घेत होतास."

शिवकांताबाई भिंतीला वळसा घालून बाहेर गेल्या आणि मुंजाजीच्या पायाशी वाकल्या. तो घाईघाईने मागे सरला. त्याने बाईंना पायाला हात लावू दिला नाही, रागही धरला नाही. अंगद त्याच्यापुढे जाऊन हात जोडून उभा राहिला.

"चोर म्हनल्याचं एवढं न्हाई, बाबा," मुंजाजीच बोलला. "तीस वर्सं ह्या पावलांनी पोट भरलं. पावलं खरं सांगत हुती, अन् म्याच त्यांला खोटं पाडलं. कागद कॉम्प्युटरचा हुता म्हनून. त्येची लई लाज वाटती."

तो उठला. विहिरीच्या दगडापाशी गेला आणि चालू लागला. भिंत आली तेव्हा एकशेपंचवीस झाली होती. वळसा घालून पलीकडे गेल्यावर त्याने भिंतीपासून पुढे पाच पावलं टाकली, शेळ्यांनी खाल्लेल्या बेलाच्या खुंटापलीकडे थांबला आणि टाचेने माती उकरली. अंगदने टेप लावला. शंभर मीटर आणि वर चार बोटं.

भिंत पाडून परत घालायचं तिथंच ठरलं. दुपारी अंगद एकटा नेकनूरला गेला. त्याने ती खूण काढली, प्रमाण पुन्हा लावलं, एक कागद छापला आणि पट्टीने मोजला. मग शिवांजलीला विचारलं, दिवाळीपासून या बटणावर किती नकाशे निघाले. तिने वही उघडली आणि बोट फिरवत मोजत गेली. सदतीस. कोणाचं घर, कोणाची विहीर, दोन भावांच्या वाटण्या. तिने सगळी नावं एका कागदावर उतरवून दिली.

पहिलं नाव लिंबागणेशचं होतं. तिथल्या दारात काय म्हणायचं, ते त्याने स्टँडवर उभं राहून मनात जुळवून पाहिलं. कसंही जुळवलं तरी सुरुवात 'मी केलं' याच दोन शब्दांनी होत होती. बस आली, आणि तो चढला.